उत्तर बुरजाखालची पहार

चैत्र सरत आला होता. पूर्वेच्या डोंगररांगेमागून उजेड फुटू लागला, तसा उंबरदुर्गाचा माथा आधी उजळला, मग तट, मग तटाला बिलगलेल्या करवंदीच्या जाळ्या आणि सर्वांत शेवटी खाली मैदानात पसरलेली बादशाही छावणी. तिचे तंबू, तिचे हत्ती, तिच्या चुलींचा धूर दिसू लागला आणि दिसताच गडावरच्या माणसांनी रोजच्याप्रमाणे तिच्याकडे पाठ फिरवून आपापली कामे हाती घेतली. वेढ्यातच दिवाळी झाली होती, संक्रांत झाली होती, शिमगाही झाला होता. रोज पाहून पाहून माणसाला शत्रूचीही सवय होते. सवय होत नव्हती ती एकाच गोष्टीची, उत्तर बुरजाखालून येणाऱ्या आवाजाची.

ठक्. ठक्. मग थोडे थांबून पुन्हा ठक्.

आवाज खोलवरून, जमिनीच्या पोटातून येई. तो कानी पडला की बुरजावरचे पहारेकरी तोंडातल्या तोंडात देवाचे नाव घेत आणि एकमेकांकडे न बघता म्हणत, ‘म्हाळोजी कामाला लागला.’

म्हाळोजी बेलदार हा गडाचा सुरुंगांचा नाईक. शत्रू दूरवरून भुयार खणीत तटाखाली येतो, त्यात दारू ठासतो आणि बत्ती देऊन तट आभाळात उडवतो. ते भुयार कोणत्या बाजूने येते आहे हे वेळेत ओळखावे, आतून उलटे भुयार खणून त्याला आडवे जावे आणि शत्रूचा डाव मातीत मिळवावा, हे नाइकाचे काम. म्हाळोजी तटाच्या कडेने पाण्याने भरलेल्या पराती मांडून ठेवी आणि पाण्यावर उठलेल्या तरंगाकडे बघून खाली पहार कुठे चालली आहे ते सांगे. पौषात उत्तर बुरजाखालच्या लाल मुरुमात तो असाच आडवा गेला, शत्रूचे भुयार त्याने ढासळवले आणि त्या ढासळण्यात स्वतः आत अडकला. पलीकडून गनीम घुसेल या भयाने किल्लेदारांनी भुयाराचे तोंड चिणण्याचा हुकूम दिला. दगड रचले ते म्हाळोजीच्या हाताखालच्या सुभानजीने. शेवटचा दगड बसेपर्यंत आतून पहारीचे ठोके येत होते. ते ठोके ऐकत त्याने चुना लावला, आणि तेव्हापासून झोपेतही त्याची बोटे चुना सारवल्यासारखी हलत.

बेलदारांची रीत अशी की, भुयारात गेलेला गडी वर्षभर तिथेच काम करीत राहतो. त्या जागी वर्ष सरेपर्यंत कान लावायचा नाही, लोखंड लावायचे नाही, परात मांडायची नाही. आवाज आला तर हात जोडावेत, घरच्या माणसाने भाकरी ठेवावी आणि मुकाट्याने वळावे. म्हणून साऱ्या गडाभोवती पराती होत्या, आणि उत्तर बुरजाखाली मात्र एकही नव्हती. आवाज सुरू झाला तो शिमगा उलटल्यावर. म्हाळोजी गेला पौषात, मग मधला काळ तो गप्प का होता, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. भीती वाटू लागली की माणूस साधी गोष्टसुद्धा विचारीत नाही.

त्या सकाळी किल्लेदार रुमाजीराव खराडे यांनी सदर भरवली. मध्ये चौरंगावर रुप्याचे तबक, तबकात एकच विडा. शेजारी गडाचे सबनीस नारो अनंत बसले होते. गडाचे दफ्तर, रसद आणि जासूद असे सारे त्यांच्या ताब्यात.

‘सुभानजी, पुढे या,’ रुमाजीराव म्हणाले. ‘छावणीमागे ताज्या मातीचे ढीग वाढताहेत. गनीम कुठेतरी खणतो आहे आणि आम्हांस ठाव नाही. म्हाळोजी नाइकांची जागा रिकामी ठेवणे आता परवडणारे नाही. सबनिसांनी तुमचे नाव सुचविले आहे. नाइकीचा विडा उचला.’

सुभानजी जागचा हलला नाही. तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण सदरेवर उभा राहताना त्याला आपले हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

‘सरकार, मी पाट्या वाहिल्या,’ तो म्हणाला. ‘वस्तादांच्या मागं दिवा धरून हुबा ऱ्हायलो. छत कुठं तोलतंय, कुठं फसवतंय, ते त्यांना कळायचं. मला त्यांची पाठ तेवढी दिसायची. ह्ये काम माझ्या आवाक्यातलं न्हाई.’

‘विनय शोभतो तुला,’ नारोपंत मऊ आवाजात म्हणाले, ‘परंतु ही वेळ विनयाची नव्हे. शेजारच्या गडावरून जाणता नाईक मागविण्यास आम्ही जासूद धाडला, तो परतला नाही. आता आहेस तो तूच.’

‘आमच्यात नव्या नाइकाला जुन्याची पहार मिळती, पंत. ती तर आत ऱ्हायली. पहारीबिगर मी कसला नाईक?’

रुमाजीरावांनी तबक जवळ ओढले. ‘संध्याकाळच्या चौघड्यापर्यंत विचार करा. विडा तबकातच राहील. उचललात तर गडाच्या जिवाची जोखीम तुमच्या हाती. नाही उचललात तर ती कुणाच्याच हाती नाही, एवढे ध्यानात असू द्या.’

सुभानजी सदरेबाहेर आला तो डोके भणाणून. नाही म्हणावे, तर गड कुणी राखायचा? हो म्हणावे, तर आपल्या अडाणी हाताने आणखी माणसे गाडली जायची. एक माणूस गाडला गेला होताच, आणि तोही ज्याने त्याला पोटच्या पोरासारखा वागवला तो. उन्हातान्हात तटाच्या कडेने तो नुसता फिरत राहिला. शेवटी त्याने ठरवले, नाही म्हणायचे. मात्र ते आधी वस्तादांना सांगायचे, मग सदरेला. पौषापासून ज्या वाटेला तो फिरकला नव्हता, ती वाट धरून तो उत्तर बुरजाखाली उतरला.

चिणलेले तोंड तसेच होते. जवळच्या उंबराची दोनचार पाने तिथे पडली होती, आणि आतून आवाज येत होता. ठक्. ठक्. सुभानजीने हात जोडले आणि नाही म्हणायला तोंड उघडले.

‘आज वाट चुकला व्हय, भावजी?’

मागे म्हाळोजीची बायको सगुणा उभी होती, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. सुभानजीने मान खाली घातली. तिच्या डोळ्याला डोळा देणे त्याला कितीतरी दिवस जमले नव्हते.

‘भिऊ नगा. ते कुणाला काय करत न्हाईत,’ ती म्हणाली. तिने दगडावर फडके पसरले, भाकरी ठेवली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि पदर पुढे ओढून बसली. थोडा वेळ गेला. मग ठोके विरळ झाले आणि थांबले.

सगुणाच्या चेहऱ्यावर असे काही समाधान उमटले की सुभानजीला ते पाहवेना.

‘बगा. जेवाय बसले,’ ती हळूच म्हणाली. ‘रोज असंच. मी भाकरी ठिवली की हात थांबतो. जित्ते हुते तवा धा हाका मारल्या तरी पहार खाली ठिवायचे न्हाईत, भाकरी वाळून जायची. आता मातुर शान्यावानी ऐकत्यात.’

ती हसली. सुभानजीला हसू आले नाही. त्याला आधी भीती वाटली, आणि त्या भीतीतच त्याला जाणवले की आपल्यालाही भूक लागली आहे. सूर्य डोक्यावर होता. उभा जन्म त्याने पाट्या वाहिल्या होत्या, आणि पाट्या वाहणाऱ्याला दुसरे काही कळो न कळो, दुपारची सुट्टी कधी होते ते बरोबर कळते.

‘वयनी,’ त्याने विचारले, ‘पुन्हा कवा सुरू हुतं?’

‘उंबराची सावली त्या दगडाला टेकली की.’

‘रोज?’

‘रोज.’

‘आन् पहार एकच वाजती?’

सगुणा थोडी अडखळली. ‘कदी कदी दोन वाजत्यात. मला वाटलं, आत कुणी सोबतीला गावलं आसंल. बरंच झालं म्हनलं मी.’

हिला हे सांगायचे कसे? ‘वयनी, मेलेल्या मानसाला भूक...’ एवढे बोलून तो थांबला.

पुढचे तिला सांगावे लागले नाही. ती चिणलेल्या तोंडाकडे, मग भाकरीकडे पाहत राहिली. खालून आवाज नव्हता, वारा पडला होता. मग ती म्हणाली, ‘म्हंजी ह्यो माझा मानूस न्हवं.’

‘न्हाई.’

‘मी त्या गनिमांची जेवायची येळ सांभाळत हुते व्हय इतके दीस?’ तिचा आवाज चिरकला. तिने डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहू दिले. मग एकदम ती त्याच्यावरच उखडली. ‘आन् तुमी बसलाय काय? उठा की!’

‘मला येत न्हाई, वयनी. मी नाइकीला न्हाई म्हनायला निगालोय.’

‘त्यांना तरी पयल्या दिशी काय येत हुतं? लगीन झालं त्या साली हिरीचं काम घेतलं, पानीच लागलं न्हाई. तोंड लपवत फिरले गावभर. मीच भाकरी घिऊन हुडकत हिंडायची.’ ती उठली, पदर खोचला. ‘येत न्हाई तर न्हाई. पर आत जानारं दुसरं कोन हाय, सांगा मला.’

असे कुणी नव्हते. रीत मोडून त्या तोंडात पाऊल टाकील असा बेलदार गडावर नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते.

चौघडा वाजायच्या आत सुभानजी सदरेवर आला. त्याने मुजरा केला, तबकातला विडा उचलला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, ‘सरकार, विडा उचलला. पर आदीच सांगतो, मला ह्ये काम येत न्हाई. चुका हुतील. उद्या कुनी म्हनू नये, सुभान्यानं फसवलं. आन् पयलं काम, उत्तर बुरजाखालचं तोंड उघडायचं. आत वस्ताद न्हाईत, सरकार. आत गनीम हाय.’

सदरेवर कुजबुज उठली आणि तिच्यावर नारोपंतांचा आवाज चढला. ‘अब्रह्मण्यम्! बेलदारांची परंपरा अशी मोडावयाची? मृताची जागा उकरावयाची? गडावर कोप होईल, किल्लेदार! या बिचाऱ्यांच्या रीतीभाती आपण नाही राखावयाच्या तर कुणी?’

बेलदारांची सावली पडली म्हणून जो माणूस ओटा धुऊन घेई, त्याला बेलदारांच्या रीतीचा एवढा कळवळा आज कुठून आला, याचा रुमाजीराव विचार करीत होते. जासूद पाठवला तो परतला नाही. पण तो निघालेला तरी कुणी पाहिला होता?

‘पंत, आपले म्हणणे आम्हांस पटते,’ ते अतिशय अदबीने म्हणाले. ‘कोप व्हायचा तर तो झेलण्यास तिथे कुणी पुण्यवान पुरुष हवा. आपले दफ्तर आत्ताच उत्तर बुरजावर मांडा. नवे हुकूम होईतो आपला मुक्काम तिथेच. आपण एकटे नाही, आम्हीही शेजारी बसतो.’

नारोपंतांचा चेहरा राखेसारखा झाला.

बुरजावर गालिचा अंथरला गेला, दौत-लेखणी आली. खाली एकेक ठोका पडे आणि पंतांच्या लेखणीतून कागदावर शाईचा डाग पडे. रुमाजीराव सुपारी कातरीत, हवापाण्याच्या गप्पा मारीत शांत बसले होते. दिवेलागण झाली, चौघडा वाजून थांबला आणि नारोपंतांनी रुमाजीरावांचे पाय धरून सारे कबूल केले.

बेलदार कुठे कान लावीत नाहीत, ते छावणीला पंतांनीच कळवले होते. बदल्यात जहागिरीचे वचन मिळाले होते. जासूद कधी निघालाच नव्हता. दारूच्या थैल्या बुरजाखाली रचून झाल्या होत्या, आता दारूचा जोर मागे फुटू नये म्हणून मागची वाट चिणणे चालले होते. उद्या तिसऱ्या प्रहरी बत्ती पडणार होती.

‘आणि सुभानजीचे नाव का सुचविलेत?’ रुमाजीरावांनी विचारले.

‘त्याला काही येत नाही म्हणूनच,’ नारोपंत रडत म्हणाले.

सुभानजी तिथेच उभा होता. त्याला फार वाईट वाटले. अपमान तर होताच, पण त्या बोलण्यात एक अक्षरही खोटे नव्हते, ते जास्त लागले. विडा चघळून संपला होता, त्याची चव मात्र जिभेवर होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून, शत्रूचा ठोका पडला की त्याच ठोक्यात आपला ठोका मिळवून, लाकडी पाचरींनी त्याने चिणलेले दगड सैल केले. स्वतः लावलेला चुना स्वतःच फोडताना त्याला आपल्या हातांचा राग येत होता. दारूजवळ लोखंड नको, दिवा नको, एवढे त्याला वस्तादांच्या बोलण्यातून आठवत होते, बाकीचे अंदाजाने. किल्लेदारांनी टाक्याचे कुलूप काढून दिले. आभाळातून थेंब पडेपर्यंत गडाने जपून प्यायचे ते पाणी घागरीघागरीने बाहेर आले, आणि टाक्यापासून बुरजापर्यंत गडावरच्या बायका ओळीने उभ्या राहिल्या. रुमाजीराव स्वतः उत्तर बुरजावरच बसून राहिले. किल्लेदाराची पगडी बुरजावर दिसते आहे तोवर गनीम निर्धास्त राहील, असा त्यांचा हिशेब होता. खाली डाव चुकला तर ती पगडी सर्वांत आधी उडेल, हेही त्या हिशेबात धरलेले होते.

सूर्य डोक्यावर आला. सगुणा भाकरी घेऊन आली.

‘ठिवा, वयनी,’ सुभानजी म्हणाला.

तिने फडके पसरले, भाकरी ठेवली, पदर पुढे ओढला. ठोके विरळ झाले. थांबले.

सुभानजीने दगड ओढले आणि तो अंधारात शिरला. मागे दोन बेलदार होते. नाईक पुढे गेला म्हणून तेही रीत गिळून आले होते. आत मुरुमाचा ओला, जुना वास. डावीकडे वाट मिळेल असे वाटून त्याने माती ओढली, आणि चुकला. छताचा पोपडा कोसळला, मागच्या गड्याचा पाय दबला. तो गडी ओठ चावून गप्प राहिला, त्याला दुसऱ्याने ओढून बाहेर नेले. सुभानजी एकटा उरला. ‘सांगितलं हुतं, येत न्हाई म्हून,’ तो अंधारात कुणाला तरी म्हणाला आणि उजवीकडे वळला.

तिथे त्याच्या हाताला लोखंड लागले. थंड, उभे, जाड. पहार होती. ती पडलेली नव्हती. छताच्या एका मोठ्या दगडाखाली टेकू देऊन उभी केली होती आणि तिच्या बुडाशी दगडाच्या चिपा ठोकून ठोकून बसवल्या होत्या. हात खाली गेला तेव्हा तिला पाठ लावून बसलेला माणूस लागला, म्हणजे त्याचे जे काही उरले होते ते.

सुभानजीने वरचा दगड चाचपला. ज्या दगडाखाली ती पहार होती तो दगड तोंडाच्या वरचा. तो सुटला असता तर पौषातल्या त्या दिवशी बाहेर चुना लावीत बसलेल्या माणसावरच सारी माती कोसळली असती. त्या दिवशीचे ते ठोके! दार उघड म्हणून विनवताहेत असे वाटून जे त्याने रोज झोपेत ऐकले, ते या चिपांचे ठोके होते काय? की म्हाळोजीने आधी टेकू लावला आणि मग हाक मारली? हे सांगायला आता कुणी नव्हते. सुभानजीने त्या अंधारात कपाळ पहारीला टेकवले, आणि तिला न हलवता, अंग चोरून, पुढे सरकला.

पुढची माती त्याने नखांनी उकरली. बोटे सोलवटली, मग एकदम पोकळी लागली, दारूचा वास नाकात शिरला आणि हात थैलीवर पडला. जखमी गड्याला बाहेर ठेवून परतलेल्या दुसऱ्या बेलदाराने पहिली घागर आत दिली. हातोहात, आवाज न करता, घागरींमागून घागरी आल्या. त्या म्हाळोजीच्या गुडघ्यावरून पुढे सरकत होत्या आणि थैल्या पाणी पीत होत्या. उंबराची सावली दगडाला टेकली तेव्हा शेवटच्या घागरी उरल्या होत्या. पलीकडे माणसांचे हसणे ऐकू आले, कुणी ढेकर दिली आणि पहार पुन्हा सुरू झाली. हातभर मातीच्या अलीकडे सुभानजी तसाच पालथा पडून शेवटची घागर ओतीत राहिला.

तिसऱ्या प्रहरी खंदकाआड दबा धरून बसलेल्या गनिमाच्या हशमांसमोर बत्ती पडली. बुरूज उडणार म्हणून त्यांनी कान झाकले. जमिनीतून थोडा धूर आला, चुलीत पाणी पडल्यासारखा फस्स आवाज झाला, आणि वर रुमाजीरावांची पगडी जागच्या जागी होती. मग तटावरून शिळा सुटल्या. संध्याकाळपर्यंत उताराची करवंदी तुडवली गेली होती आणि छावणीत शोक चालू होता. त्यानंतर गडाने पाणी वाटीवाटीने प्याले, मुले रडली, गुरे गेली. पण ज्येष्ठात वेढा उठला.

नारोपंतांना रुमाजीरावांनी कडेलोट केला नाही, कोठडीत टाकले. तिथेच ते पावसाळ्यात तापाने गेले. जमिनीतून ठोके येतात म्हणून ते शेवटपर्यंत कान झाकून बसत, असे पहारेकरी सांगत. सुरुंग विझला त्याच रात्री म्हाळोजीला बाहेर आणून माती दिली होती. पहार मात्र सुभानजीने आतच राहू दिली. ती काढली तर छत खाली येणार होते. किल्लेदारांनी नवी पहार दिली, ती घेऊन तो भुयार दगडांनी भरून काढण्याच्या कामाला लागला.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणाचे पाय सवयीने उत्तर बुरजाखाली वळले. हातात भाकरीही होती. केव्हा थापली तिचे तिलाच कळले नव्हते. उंबराखाली आली आणि थबकली. आतून आवाज येत होता. ठक्. ठक्. मग थोडे थांबून पुन्हा ठक्. तशीच ती पुढे झाली, दगडावर फडके पसरले आणि भाकरी ठेवली.

आवाज थांबला.

तोंडातून सुभानजी बाहेर आला. केसांत, भुवयांत लाल मुरूम.

‘येळ झाली व्हय, वयनी?’

‘झाली,’ ती म्हणाली. ‘बसा. आदी खावा.’

त्याने हात झटकले, भाकरी मोडली, ठेचा लावला आणि भुकेल्या माणसासारखा खाऊ लागला. सगुणा समोर बसून बघत राहिली. रोज ती इथे भाकरी ठेवून, सावली दगडाला टेकली की घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी येऊन वाळलेली उचली. शेवटचा तुकडा संपेपर्यंत ती उठली नाही.